केयूरचा कॉम्प्युटर

"मी जिवंत असेपर्यंत या घरातल्या विजेच्या यंत्रात पाण्याचा एक थेंबही जाणार नाही."

श्रीनिवास मेहेंदळ्यांनी ही घोषणा केली तेव्हा ते हॉलच्या खिडकीशी स्टुलावर उभे होते आणि विजेवर चालणाऱ्या कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते. कूलर चालू होता. बादली रिकामी करून ते खाली उतरले, कूलरसमोरच्या खुर्चीत बसले आणि विषय संपला आहे हे त्यांनी डोळे मिटून कळवलं.

त्यांची सून श्रद्धा समोर उभी होती. तिला बोलायला पुष्कळ होतं. एक तर हा कूलर तिच्या वडिलांनी नागपूरहून पाठवलेला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा 'पुण्याला कूलर लागत नाही' असं तिला सांगण्यात आलं होतं, आणि ते इतक्या शांतपणे सांगण्यात आलं की नागपूरचं ऊन हा नागपूरकरांच्याच कुठल्यातरी हलगर्जीपणाचा परिणाम असावा, असं तिला क्षणभर वाटून गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात श्रीनिवासरावांची खुर्ची कूलरसमोर आली. आता तिसरा उन्हाळा चालू होता आणि खुर्ची तिथून हलत नव्हती. पण याचा श्रद्धाला राग नव्हता. वारा काय, कुणीही खावा. तिचं डोकं तापलं होतं ते घोषणेच्या आधीच्या वाक्यानं. "केयूरला सांग," सासरे म्हणाले होते, "असले प्रयोग कॉम्प्युटरवर करू नकोस म्हणावं."

केयूर म्हणजे तिचा नवरा. कॉम्प्युटर तिचा होता.

नुसता तिचा नव्हता, तिनं तो स्वतःच्या हातांनी जुळवला होता. लग्नाआधी ती सदाशिव पेठेत आणखी तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची. तिथं सर्वांत आधी आला तो कॉम्प्युटरचा रिकामा पत्र्याचा सांगाडा. पुढच्या काही पगारांत त्यात घालायला काही येईना, म्हणून मुली त्यावर ताटं ठेवून वरण-भात जेवत. मग मदरबोर्ड आला, मग प्रोसेसर आला, त्या दिवशी तिनं खोलीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी पोरीचं लग्न जमलं समजून तिची पाठ थोपटली. ग्राफिक कार्ड आल्यावर मात्र पेढे वाटायचं सुचलं नाही; ती दोन दिवस खेळतच होती.

असा हा कॉम्प्युटर शनिवार पेठेतल्या मेहेंदळ्यांच्या घरी तिच्याबरोबर आला. इमारतीला लिफ्ट नव्हती. केयूरनं नव्या नवऱ्याच्या उत्साहात तो पोटाशी धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत वर नेला. दुसऱ्या मजल्यावर सुशीलाबाई दारात होत्या. त्यांनी विचारलं, "काय केयूर, नवा कॉम्प्युटर घेतलास?" केयूरला इतका दम लागला होता की बोलणं शक्य नव्हतं. त्यानं मान हलवली.

त्या एका मानेवर पुढची सगळी राजवट उभी राहिली. इमारतीत तो केयूरचा कॉम्प्युटर झाला. मग घरात झाला. पाहुणे आले की तिच्या सासूबाई आनंदीबाई चहा पुढे करत आणि श्रीनिवासराव कॉम्प्युटर दाखवत. "केयूरचा आहे. सगळा घरी जोडलेला. बाजारात असा मिळायचा नाही." पाहुणे केयूरकडे कौतुकानं बघत. केयूर हिंजवडीत मॅनेजर होता. दिवसभर रकान्यांमध्ये लोकांच्या रजा भरत असे, आणि कॉम्प्युटर अडला तर तो बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडे त्याची विद्या जात नव्हती. तो कौतुकाला हो म्हणत नसे. तो फक्त हसत असे, आणि ते हसू इतकं नम्र असे की पाहुण्यांना तो अधिकच हुशार वाटे.

श्रद्धानं सुरुवातीला एकदोनदा दुरुस्ती करून पाहिली. "बाबा, तो माझा आहे," ती म्हणाली होती. त्यावर श्रीनिवासराव मनापासून म्हणाले, "अगं, तुझं-माझं काय असतं संसारात?" सासऱ्यांचं मन किती मोठं, असं त्यावर पाहुण्यांना वाटलं. श्रद्धाला त्या मोठ्या मनावर काहीतरी जड आपटावंसं वाटलं.

तर या मे महिन्यात कॉम्प्युटर तापायला लागला. तापणारच. हॉलची शोभा जाऊ नये म्हणून त्याची स्थापना शोकेसच्या खालच्या कप्प्यात केलेली होती, धूळ बसू नये म्हणून कप्प्याला दारं होती, आणि दारांच्या फटीतूनही धूळ जाऊ नये म्हणून आनंदीबाईंनी जुन्या पडद्याचं झालरवालं कव्हर शिवलं होतं. त्या घरात मिक्सरला, टीव्हीच्या रिमोटला आणि पाहुण्यांच्या गादीलासुद्धा कव्हर होतं. उघडी अशी वस्तू म्हणजे फक्त श्रीनिवासरावांचं मत. श्रद्धा खेळायला बसली की कव्हर काढी, दारं उघडी. तरी तीन बाजूंनी लाकूड होतंच. शनिवारी दुपारी तिचा नागपूरचा भाऊ योगेश आणि ती एका टोळीत खेळत. ऐन चकमकीत पडदा काळा होई आणि ती बिचारी मरून पडे. योगेश फोन करून विचारी, "ताई, कुठं गेली तू?" मेलेल्या माणसाला हा प्रश्न फार झोंबतो.

कॉम्प्युटर तापतो ही बातमी श्रीनिवासरावांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी श्रद्धाला न विचारता ओळखीच्या दुकानातून मच्छिंद्र नावाच्या माणसाला बोलावलं. मच्छिंद्रनं शोकेससमोर उकिडवं बसून केयूरला विचारलं, "सर, किती वॅटचा सप्लाय टाकलाय?" केयूरनं श्रद्धाकडे बघितलं. श्रद्धानं आकडा सांगितला. मच्छिंद्रनं केयूरकडे बघत "बरोबर" म्हटलं. "सर, प्रोसेसरवरची पेस्ट कधी बदललेली?" श्रद्धानं सांगितलं. "करेक्ट, सर." अर्धा तास हेच चाललं. उत्तरं एकीकडून येत होती आणि शाबासकी दुसरीकडे जात होती. निघताना मच्छिंद्र हळूच म्हणाला, "सर, मॅडम दुपारच्या सीरियली याच्यावर बघतात का? एवढा लोड कशानं येतो?" केयूर तेच नम्र हसू हसला.

त्या रात्री श्रद्धा नवऱ्याशी बोलली नाही. तिनं नवं, मोठं ग्राफिक कार्ड मागवलं आणि प्रोसेसर गार ठेवायला पाण्यावर चालणारा कूलर मागवला. म्हणजे खिडकीतला नव्हे. तळहाताएवढा एक चपटा डबा, त्यातून निघणाऱ्या दोन रबरी नळ्या आणि पुढे पंखे लावलेली जाळी. आतलं पाणी कारखान्यातच भरून कायमचं बंद केलेलं. ते सगळं घरी आलं, श्रीनिवासरावांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं, आणि वर सांगितलेली घोषणा झाली.

श्रद्धानं राग गिळला आणि समजावून सांगितलं. पाणी बाहेर येत नाही, बाबा. ते आतल्या आत फिरतं. प्रोसेसरवर तापतं, जाळीत येऊन गार होतं, परत जातं. त्या डब्यात एक छोटा पंप आहे, तो फिरवतो.

श्रीनिवासरावांनी डोळे उघडले. "पंप?"

इथं सांगायला हवं की श्रीनिवासरावांची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली होती. त्यांच्या सहीशिवाय तिथून पंप बाहेर पडत नसे. लग्नकार्यात ते नवरा मुलगा बघायच्या आधी कार्यालयाची मोटर बघून येत. पंप हा शब्द ऐकल्यावर पाण्याला असलेला त्यांचा विरोध मावळला आणि त्याहून भयंकर अशी गोष्ट सुरू झाली, ती म्हणजे आस्था. त्यांनी चष्मा लावून खोकं चारही बाजूंनी वाचलं. पाणी किती उंच चढवतो ते लिहिलेलं नव्हतं. मिनिटाला किती फेकतो तेही नव्हतं. "याला पंप म्हणत नाहीत," ते म्हणाले, "याला पिचकारी म्हणतात." मग त्यांनी तो डबा कानाशी धरून हलवला. आत डुबुक असा आवाज झाला. श्रीनिवासरावांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांपूर्वीचा साहेब आला.

"हवा आहे आत. पाणी भरून प्राइम केलेला नाही."

तेवढी हवा मुद्दाम ठेवलेली असते, पाणी तापून फुगलं तर जागा हवी म्हणून, असं श्रद्धानं सांगितलं. पंपात मुद्दाम हवा ठेवणारा माणूस श्रीनिवासरावांना आयुष्यात भेटला नव्हता आणि सुनेच्या सांगण्यावरून त्याच्यावर विश्वास ठेवायची त्यांची तयारी नव्हती. तरी ते गप्प बसले. श्रद्धानं हे गप्प बसणं ओळखायला हवं होतं.

शनिवारी तिला अचानक ऑफिसला जावं लागलं. जाताना तिनं केयूरला बजावलं, "त्या सामानाला कोणी हात लावायचा नाही. संध्याकाळी येऊन मी बसवीन." केयूर मोबाइलमध्ये बघत हो म्हणाला. तो मोबाइलमध्ये बघत सगळ्यालाच हो म्हणत असे.

ती संध्याकाळी परत आली तेव्हा हॉलच्या मधोमध बादली होती. बादलीशेजारी गॅसच्या नळीची उरलेली क्लिप, पक्कड, आनंदीबाईंची चहाची गाळणी आणि पितळी तांब्या. श्रीनिवासराव शर्टाच्या बाह्या वर करून जमिनीवर बसले होते आणि फार वर्षांनी इतके प्रसन्न दिसत होते.

"ये," ते म्हणाले. "झालं काम. पाणी उकळून, गार करून, गाळून भरलं. नळी जरा घट्ट होती, पकडीनं निघाली. क्लिप लावून टाकली. आता डुबुक होत नाही, बघ." त्यांनी डबा तिच्या कानाशी हलवला. खरंच डुबुक होत नव्हतं. "आणि गळतंय का ते बघायला सबंध बादलीत बुडवला. एक बुडबुडा नाही."

"सबंध?" श्रद्धानं विचारलं.

"सबंध."

जाळीवरच्या पंख्यांतून पाणी ठिबकत होतं. पंपाच्या विजेच्या वायरीतून ठिबकत होतं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढावं तशी त्यांनी ती सगळी वस्तू बुडवली होती. ज्या घरात विजेच्या यंत्रात थेंब जाणार नव्हता, त्या घरात सर्वांत महागड्या यंत्राच्या कूलरचं अभ्यंगस्नान झालं होतं.

श्रद्धा पुण्यात आल्यापासून पुस्तकातल्यासारखं बोलत असे. कुणी हसू नये म्हणून तिनं ती सवय लावून घेतली होती. त्या संध्याकाळी ती सवय सुटली.

"याले काहून हात लावला?" ती म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, उलट खाली आला होता. "कोणाले विचारून लावला?"

श्रीनिवासराव दुखावले. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारा माणूस, हा आरोप त्यांच्यावर आजवर झाला नव्हता. "विचारून लावला," ते म्हणाले. "ज्याची वस्तू त्याला विचारलं. केयूरला म्हटलं, उघडून बघू का? तो म्हणाला, बघा की."

आनंदीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. केयूर सोफ्यावर होता. त्यानं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. तो असं फक्त अपघाताच्या वेळी करीत असे.

"मला वाटलं, बाहेरून बघतायत," तो म्हणाला.

श्रद्धाचा सासऱ्यांवरचा राग त्या क्षणी जागा बदलून सोफ्याकडे सरकला आणि तिथं त्याला बसायला चांगली ऐसपैस जागा मिळाली. सासऱ्यांनी निदान विचारलं होतं. जिला विचारायला हवं होतं तिच्याऐवजी ज्याला विचारलं त्यानं परवानगी दिली होती. स्वतःच्या नसलेल्या वस्तूची.

"केयूर," ती म्हणाली, "हा कॉम्प्युटर कोणाचा आहे?"

"तुझाच आहे. मी कधी माझा म्हटलं?"

"नाही म्हटलं. माझा नाही, असंही नाही म्हटलं. एकदाही नाही. तो मच्छिंद्र मला सीरियली बघणारी म्हणाला आणि तू हसला. एवढ्या दिवसांत इथं जो आला त्याच्यासमोर तू हसलाच. मी या पोटाला चिमटा घेऊन एकेक भाग आणला, त्याच्यावर ताट ठेवून जेवले मी. आणि तू जिन्यात एकदा मान हलवून मालक झाला."

केयूर काहीतरी पुटपुटला की जिन्यात त्याला दम लागला होता.

"मग आता गेला ना दम? आता सांग."

केयूरनं वडिलांकडे बघितलं, मग बादलीकडे, मग पुन्हा वडिलांकडे. शेवटी तो म्हणाला, "बाबा, तो कॉम्प्युटर श्रद्धाचा आहे. तिनंच जोडलेला. पहिल्यापासून. मला त्यातलं काही येत नाही."

श्रीनिवासरावांनी हातातला डबा खाली ठेवला. "आणि मी आजवर लोकांना जे सांगत होतो ते?"

"तुम्ही सांगत होतात. मी ऐकत होतो."

"म्हणजे मी खोटं बोलत होतो आणि तू त्याला खतपाणी घालत होतास," श्रीनिवासराव म्हणाले. मग ते आनंदीबाईंकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"होतं की," आनंदीबाई म्हणाल्या. "दर रविवारी ती आतून ब्रशनं झाडते. दुसऱ्याची वस्तू कोण झाडतं आतून?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

श्रीनिवासराव उठले, बादली उचलून मोरीत ओतून आले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. केयूर उठू लागला तेव्हा श्रद्धा म्हणाली, "तू बस. बघ." तो बसला.

मग तिनं काम काढलं. शोकेसमधून कॉम्प्युटर ओढून बाहेर घेतला. झालरवालं कव्हर घडी करून आनंदीबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते काखेत मारलं. जेवणाचं टेबल खिडकीपाशी सरकवलं. बुडवलेला कूलर तिनं बाजूला फेकला नाही, ठेवला. फेकायची फार इच्छा होती म्हणूनच जपून ठेवला. प्रोसेसरवरचा जुना पंखा काढून त्याच्या पात्यांमधली धूळ दातओठ खात साफ केली, वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली. नवं ग्राफिक कार्ड इतकं लांब होतं की आत मावेना. हार्ड डिस्कचा पिंजरा आड येत होता. दुसऱ्या एखाद्या दिवशी तिनं शांतपणे स्क्रू काढले असते. आज तिनं ते असे काढले की केयूर दर वेळी डोळे मिटत होता. पिंजरा बाहेर आला, कार्ड खटकन जागेवर बसलं. एका बाजूचा पत्रा तिनं लावलाच नाही. "हवा लागू दे," ती म्हणाली. हे वाक्य नेमकं कुणाला उद्देशून होतं ते केयूरनं विचारलं नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडद्यावर चित्र आलं, आणि असं आलं की त्यातल्या गवताची पाती मोजता यावीत. आनंदीबाई मागून बघत होत्या. "किती हिरवं आहे," त्या म्हणाल्या. "पण माणसं का पळतायत?"

श्रद्धानं कानावर हेडफोन चढवले. योगेश टोळीसह वाट बघत होता. त्या संध्याकाळी समोरच्या टोळीचे जे हाल झाले ते इथं सांगण्यासारखे नाहीत. त्या बिचाऱ्यांना मच्छिंद्र ठाऊक नव्हता, सुशीलाबाई ठाऊक नव्हत्या, पण त्या दोघांचं सगळं देणं या टोळीनं फेडलं. "ताई," योगेश अखेर म्हणाला, "आज काहून एवढी पेटली तू? कोणी काही म्हटलं का?" तिनं आणखी एकाला टिपलं. प्रोसेसर तापला नाही. तापण्याचं सगळं काम ती एकटी करत होती.

खेळ रंगात आला असताना तिला मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. श्रीनिवासराव होते. त्यांनी धुवट सदरा घातला होता, केस विंचरले होते. महत्त्वाच्या कामाला निघताना ते असे तयार होत. श्रद्धानं हेडफोन काढून गळ्यात ठेवले. खेळातली तिची बाई भिंतीआड नुसतीच उभी राहिली. गोळ्या येत होत्या.

आता ते चुकलो म्हणणार, तिला वाटलं. म्हटलं तर काय बोलायचं ते ती मनात जुळवू लागली. इतक्यात माफ करायचं नाही, हे तिनं पक्कं केलं. निदान सोमवारपर्यंत तरी नाही.

श्रीनिवासराव खाकरले. केयूरनं सोफ्यावरून मान वर केली. आनंदीबाईंनी आत गॅस बारीक केला, म्हणजे नीट ऐकू यावं.

"श्रद्धा," ते म्हणाले, "केयूरला विचारणार होतो, पण म्हटलं, नको. तुलाच विचारावं." त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं. तिथं ग्राफिक कार्डाचं काळं चकचकीत खोकं पडलं होतं. "ते खोकं तुझंच ना? टाकणार असशील तर मला मिळेल का? पायरी आंबे पिकायला घालायचे आहेत."